धारकास

सॅम्युअल स्ट्रीटच्या तोंडाशी माझं टेबल.
काच, काचेखाली मळके नमुने,
आणि भावाने रंगवलेला पुठ्ठा :
फाटक्या नोटा बदलून मिळतील.
आडनाव खवणेकर,
पण गल्ली फाटकेबाईच म्हणते.
शंभराला ऐंशी, जळकी असली तर साठ,
नंबरच गेला असेल तर चहा पाजून परत.

हायमकाका अष्टमकर शनिवारी यायचे,
प्रार्थना उरकून, उमरखाडीकडे चालत जाताना,
हात पाठीमागे बांधलेले.
शनवार तेल्याचं घराणं, म्हणायचे,
आज घाणा बंद म्हणजे बंद,
पैशाला बोट लागायचं नाही.
वाचायला मात्र कोणाची बंदी नाही.

मग मी एकेक नोट
उन्हाकडे धरायची,
आणि ते मान तिरकी करून वाचायचे.

बाकीचे शौकीन सही बघतात, साल बघतात,
सात-आठ-सहाच्या मागे वेडे होतात.
काकांना फक्त वाक्य हवं असायचं.
मैं धारक को.
'धारक म्हणजे कोण गं?'
'ज्याच्या हातात आहे तो.'
'मग आज तू. मी नुसता साक्षीदार.'

एकदा एका खलाशाचा डॉलर आला, अर्धा,
त्यावर लिहिलेलं : देवावर आमचा भरवसा.
'बरं आहे त्यांचं,' काका म्हणाले,
'आपल्याला गव्हर्नरवर भागवावं लागतं.'

एकदा गोधडीच्या शिवणीतून निघालेली हजाराची,
देऊळवाली, अठ्ठ्याहत्तरात बाद झालेली.
आणणारी बाई खाली बसूनच राहिली.
वचन अजून स्वच्छ वाचता येत होतं,
एक अक्षर पुसलेलं नव्हतं.
काका तेव्हा काहीच बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी, रविवारी,
येऊन तीच नोट घेऊन गेले,
आणि भाव केला नाही.

एक रुपयाची मला चार वेळा उलटायला लावली.
'हिच्यावर वचन नाही बघ.'
लहानाला कोण वचन देतं, मी म्हटलं.
'अगं उलट. ही स्वतःच रुपया आहे.
बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या.'
त्या रात्री भात निवडताना
मला उगाच हसू आलं.

पेनाने खरडलेलं ते आधी मोजत नसत.
फोन नंबर, बाण मारलेले बदाम, रामराम.
मग ती वीसची आली, तेलाने पारदर्शक झालेली,
कडेला बारीक अक्षरात :
चंदू, ही परत दे हां.
इतका वेळ धरायला लावली
की माझा दंड दुखला.
'हेही वचनच,' म्हणाले,
'पण धारकाकडून मागितलेलं.'

पावसाळ्यानंतर दोन शनिवार रिकामे गेले.
तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, पुतण्या आला,
लोदहून, दाढी न केलेला,
काखेत बिस्किटांचा डबा.
'काकांचा कचरा. काय येतील?'
मी खरं सांगितलं : अकराशे, फार तर बाराशे.
निम्म्या तर टाचणीने भोकं पडलेल्या.
डब्याच्या तळाशी वही होती,
वाक्यं क्रमाने उतरवलेली, शाईने,
प्रत्येकापुढे देश, प्रत्येकापुढे तारीख.
तारखांत शनिवार एकही नाही.
वाचायचे शनिवारी, लिहायचे रविवारी.

तीनशे चारवर चंदू.
तीनशे पाच :
फाटक्या नोटा बदलून मिळतील.
देश : सॅम्युअल स्ट्रीट.

वही मी मागून घेतली.
डब्याचे बाराशे दिले,
आणि डबा परत केला.

आता गिऱ्हाईक नोट पुढे करतं
तेव्हा माझा हात आपोआप उन्हाकडे जातो.
लोक चिडतात.
'बाई, खरी आहे हो.'
'माहीत आहे,' मी म्हणते,
'वाचतेय.'